धाकटीच्या मागचं तळं

माझ्या धाकट्या जावेचं नशीब हा माझा जुना विषय आहे. माझ्या लग्नाला मुहूर्त मिळाला तो भर मे महिन्यातला, शालूला घामाचे डाग पडले. तिच्या लग्नाला डिसेंबरातला, गुलाबी थंडीतला. तिथून जी सुरुवात झाली ती अमेरिकेत आलो तरी थांबली नाही. अ‍ॅशबर्नमध्ये दोघा भावांनी एकाच वसाहतीत घरं घेतली, मधे एक मोठा रस्ता. तिच्या घरामागून एक ओढा वाहतो आणि माझ्या घरामागूनही तोच वाहतो. पण तिच्याकडे तो दाट झाडीतून वळणं घेत येतो, आणि रस्त्याखालच्या मोरीतून माझ्याकडे पोचेपर्यंत त्याचं गटार झालेलं असतं. मागच्या वर्षी या ओढ्यावर बीव्हर आले. कुणाच्या मागे आले असतील हे वेगळं सांगायला नको.

बीव्हर म्हणजे आपल्याकडच्या घुशीचा श्रीमंत नातेवाईक म्हणायला हरकत नाही. चांगला धष्टपुष्ट, दात नारिंगी, शेपटी उलथन्यासारखी चपटी. तो झाडं कुरतडून पाडतो, फांद्या ओढत आणतो, चिखल लिंपतो आणि वाहतं पाणी अडवतो. ते साठलं की त्यात सुखाने राहतो. हिवाळा संपेपर्यंत त्या जोडप्याने धाकटीच्या मागे असा काही बांध घातला की उडी मारून ओलांडता येईल एवढ्या ओढ्याचं ऐसपैस तळं झालं. त्यात संध्याकाळचं आकाश दिसायला लागलं, बगळे आले, बदकं आली. वसाहतीतले लोक फिरायला म्हणून तिच्या मागच्या दारी जाऊ लागले. माझ्या बाजूला होती नव्हती ती धारही आटली आणि मोरीच्या तोंडाशी एक सुपरमार्केटची ट्रॉली उघडी पडली.

तळ्याचं मी सोसलं असतं. प्रश्न आईंचा होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या जतच्या. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं कोरडं टोक. तिथे त्या शाळेत शिकवायच्या, आणि टँकर येणार असला की वर्ग लवकर सोडायच्या. सासरे पाटबंधारे खात्यात होते, पण त्यांच्या पाटाला पाणी आलेलं त्यांनी स्वतःही फारसं पाहिलं नाही. ते गेले आणि आई आमच्याकडे आल्या. माझी स्वतःची आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. मला सासू नको होती, आई हवी होती, आणि ती मला मिळाली. फक्त अर्धी मिळाली, कारण उरलेली अर्धी धाकटीची.

वाटणीची पद्धत भावांनी ठरवली. दसऱ्याला आई माझ्याकडे येणार, गुढीपाडव्याला तिच्याकडे जाणार. दसऱ्याला रस्ता ओलांडताना आई दरवर्षी म्हणायच्या, "चला, माझं सीमोल्लंघन!" आणि आम्ही दरवर्षी हसायचो. ही वाटणी ठरली तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, पण पहिल्याच वर्षी आलं. म्हणजे थंडीचे सगळे महिने माझे आणि उन्हाळ्याचे सगळे तिचे. माझ्या वाट्याला हीटरची कोरडी हवा, आईंच्या टाचांच्या भेगा, गुडघ्यांना शेक, बर्फ पडला की बंद दारं. तिच्या वाट्याला डेक, कुंड्यांतली गुलबाक्षी आणि संध्याकाळचा वारा. मी त्या महिन्यांत आईंची जी सेवा करते ना, तिचा फोटो काढता येत नाही. गरम पाण्याच्या पिशवीचा काय फोटो काढणार?

धाकटीला मात्र फोटो मिळाला. पाडव्याला आई तिच्याकडे गेल्या आणि पंधरवड्याच्या आत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. डेकवर खुर्ची, खुर्चीत आई, गळ्यात दुर्बीण, समोर सोनेरी पाणी आणि त्यातून रेघ ओढत चाललेलं एक काळपट डोकं. खाली धाकटीने लिहिलं होतं, 'आजी आणि तिचे शेजारी'. मग सांगलीच्या मावशींपासून पुण्याच्या चुलत सासऱ्यांपर्यंत सगळ्यांची रीघ लागली. 'किती छान ठेवलंय गं आईंना!' 'नशीबवान आहेत, अशी सून मिळाली!' मी दूध तापवत होते. ते उतू गेलं.

एका संध्याकाळी मी थालीपिठं करून घेऊन गेले. भाजणी घरची, लोणी घरचं. आईंना ती गरमच आवडतात, म्हणून डबा टॉवेलात गुंडाळून अक्षरशः पळत रस्ता ओलांडला. डेकवर पाऊल टाकलं आणि म्हटलं, "आई, बघा काय आणलंय!"

आईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नुसता हात वर केला. "शूऽऽ! घाबरेल तो."

एका घुशीसाठी मला गप्प केलं. मी डबा हातात धरून तशीच उभी. तेवढ्यात धाकटी फोन उंच धरून कुजबुजली, "वहिनी, जरा साइडला व्हा ना, प्लीज. फ्रेममध्ये येताय."

मी साइडला झाले. तळपायाची आग मस्तकात गेली, पण झाले. बीव्हरने किनाऱ्यावरची एक कोवळी फांदी दातात धरली आणि डौलात पोहत घेऊन गेला. आईंच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी माझ्या घरात कधी पाहिलेलं नव्हतं. मग त्यांनी थालीपीठ खाल्लं, छान झालंय म्हणाल्या, पण थंड झालेलं थालीपीठ कसं लागतं ते मला माहीत आहे. त्यानंतर मी तिकडे जाणं कमी केलं. दसरा काही लांब नाही, असं मनाला सांगत राहिले.

पण मनात भीती शिरली होती. दसऱ्याला आई येतील ना? माझ्या घरामागे काय आहे? ट्रॉली!

जुलैत मात्र तळ्याने पाय पसरले. फिरण्याचा रस्ता पाण्याखाली गेला, एका घराच्या तळघरात ओल आली, आणि वसाहतीने हौसेने लावलेली चेरीची झाडं बीव्हरनी पेन्सिलला टोक करावं तशी कुरतडून ठेवली. तक्रारी बोर्डाकडे आल्या. वसाहतीच्या त्या बोर्डावर मी आहे. दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं म्हणून मी निवडून आले. तोवर माझ्याकडे कचऱ्याचे डबे आणि कुंपणाचे रंग एवढीच खाती होती. आता बीव्हरही माझ्याकडे आले, कारण 'तुमचे नातेवाईकच तिथे राहतात'.

बोर्डाच्या आधी दोघा भावांनी स्वतःच प्रश्न सोडवायचं ठरवलं. वडील पाटबंधाऱ्यात होते, म्हणजे धरण फोडणं आपल्या रक्तात आहे, असा काहीसा त्यांचा समज असावा. इथे ओढ्याला हात लावायचा तर परवानगी लागते, हे मी सांगून पाहिलं. "अगं, नुसतं थोडं ओपन करतोय," असं म्हणत दोघं शनिवारी सकाळी गुडघाभर चिखलात उतरले. फांद्या उपसल्या, दगड काढले, मधोमध खिंडार पाडलं. पाणी धो धो खाली आलं, माझ्या ओढ्यातसुद्धा आलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. तिचं तळं माझ्याकडे वाहत येत होतं.

रविवारी सकाळी खिंडार बुजलेलं होतं. आधीपेक्षा जाड. दिरांनी काठावर विसरलेलं लाकडी दांड्याचं फावडंही बांधात बसवून टाकलं होतं, नुसतं पातं बाहेर दिसत होतं. दोघं इंजिनियर बराच वेळ त्या पात्याकडे बघत उभे होते.

डेकवरून आई म्हणाल्या, "अरे, त्याला वाहत्या पाण्याचा आवाज सहन होत नाही. आवाज आला की उठून बुजवतो. नळ ठिबकत असला की मी नाही का उठत?"

हे खरं होतं. माझ्या घरात रात्री कुठलाही नळ ठिबकला की आई अंथरुणातून उठून तो घट्ट करून येतात. जतची सवय. मला ते ऐकताना आईंचं कौतुक वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं, की माझ्या घरातली ही गोष्ट त्यांनी त्या डेकवर उभं राहून एका जनावराच्या नावाने खर्च केली.

ऑगस्टमध्ये बोर्डाची मीटिंग ठरली. एका गटाचं म्हणणं होतं, ट्रॅपर बोलवा, म्हणजे सापळे लावणारा माणूस. आमच्याकडच्या नियमांनुसार पकडलेला बीव्हर दुसऱ्या ओढ्यात नेऊन सोडता येत नाही. म्हणजे पकडणं म्हणजे मारणं. दुसरा उपाय पाइपचा होता. बांधातून एक जाड प्लॅस्टिकचा पाइप घालायचा, त्याचं एक तोंड तळ्यात आत दूरवर ठेवायचं आणि त्याभोवती जाळीचा मोठा पिंजरा करायचा. पाणी गुपचूप, आवाज न करता निघून जातं, बीव्हरला कुठे गळतंय ते कळत नाही, आणि तळं ठरावीक उंचीच्या वर चढत नाही. झाडांच्या बुंध्यांना जाळी गुंडाळायची. बीव्हरही राहतात, रस्ताही राहतो.

मीटिंगच्या आदल्या दिवशी आईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "उद्या त्यांचं काय करणार तुम्ही?" ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेला माणूस डॉक्टरांना विचारतो त्या आवाजात.

मी म्हटलं, "बघू या आई."

त्या दिवशी मी मनात सगळं करून पाहिलं. ट्रॅपर आला, बीव्हर गेले, बांध सडला, तळं आटलं. धाकटीच्या मागे चिखल. डेकवर खुर्ची रिकामी. दसऱ्याला आई बॅग घेऊन हजर. हे चित्र मला आवडलं. पण त्या चित्रातल्या आईंचा चेहरा काही केल्या नीट दिसेना. मग मी दुसरं चित्र काढलं. मी बीव्हर वाचवले. धाकटीने फोटो काढले, व्हिडिओ काढले, पण वाचवले मी. हे चित्र जास्त आवडलं. मला पुण्य नको होतं, पहिला नंबर हवा होता.

मीटिंगमध्ये मी अशी काही बोलले की माझा नवराही फोन खाली ठेवून बघायला लागला. पाइपचे फोटो दाखवले, जवळच्या एका वसाहतीने हेच करून रस्ता कोरडा ठेवलाय ते सांगितलं. ट्रॅपरवाले नरमले. शेवटी एका आजोबांनी मुद्दा काढला. पाइप ठीक आहे, पण जाळीत पानं अडकतात, विशेषतः पानगळीत. रोज कुणीतरी पाणी खुणेच्या वर गेलंय का ते बघायला हवं, नाहीतर दोन महिन्यांत सगळं पुन्हा तुंबेल. कोण बघणार?

सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. आणि मी हात वर केला. "माय मदर-इन-लॉ," मी म्हटलं. त्या शिक्षिका होत्या, घरीच असतात, तसंही रोज बघतातच. टाळ्या वाजल्या. ठराव झाला. रोजचा अहवाल आईंनी माझ्याकडे द्यायचा, मी बोर्डाकडे.

मी तिथून सरळ धाकटीच्या घरी गेले. आईंना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि धाकटीच्या देखत म्हणाल्या, "वाचवलंस गं त्यांना." पुतणी ओरडली, "काकू, यू आर द बेस्ट!" धाकटीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. चहा तिने केला, पण साखर विसरली. त्या दिवसासारखा दिवस मला या देशात फार वेळा मिळालेला नाही.

सप्टेंबरात माणसं येऊन पाइप घालून गेली. खुणेची काठी रोवली, तिला लाल पट्टा मारला. आईंनी शाळेत वापरायच्या ते घड्याळ बाहेर काढलं. सकाळी आणि संध्याकाळी स्पोर्ट शूज घालून, साडी जरा वर खोचून, काठी टेकत काठापर्यंत जायच्या. जाळीत पानं दिसली की दिरांना किंवा पुतणीला लांब आकडी घेऊन कामाला लावायच्या. पाणी उतरलं, रस्ता कोरडा झाला, बीव्हर तिथेच राहिले. फिरायला येणारे लोक आईंना थांबवून विचारायचे, "हाऊ आर दे डुइंग?" आणि आई शाळातपासनीसाला सांगावं तसं सांगायच्या, "व्हेरी गुड. ऑल फॅमिली इज वेल."

मी इकडे दसऱ्याची तयारी करत होते. आईंच्या खोलीला रंग दिला. गादी बदलली. गुडघ्यांसाठी नवा हीटिंग पॅड आणला. गोळ्यांचे कप्पे आधीच भरून ठेवले. रेडबडच्या झाडाची पानं आणली, इथे आपट्याच्या जागी आम्ही तीच वाटतो, आकार जवळजवळ तसाच असतो.

दसऱ्याला दुपारी सगळे आले. आई पुढे, हातात पानं. "सोनं घे, सोन्यासारखी राहा." मी वाकले. उठताना नवऱ्याच्या मागे पाहिलं, दिरांच्या मागे पाहिलं. बॅग नव्हती. म्हटलं, गाडीत असेल.

जेवणं झाली. श्रीखंड वाटीत संपत आलं तेव्हा मी विचारलं, "आई, बॅग आणायची ना आत?"

"बॅग राहू दे गं यंदा."

"राहू दे म्हणजे?"

"अगं, आता पानगळ सुरू झाली. जाळी रोज भरते. मी इकडे आले तर बघणार कोण?"

"धाकटी बघेल."

"ती काय बघणार! आणि नाव माझं दिलंय ना तू बोर्डात. मला ड्यूटी आहे."

धाकटी ताटाकडे बघत होती. हसू दाबत होती की नाही ते मला सांगता येणार नाही. मला तरी दिसलं.

"मी नेत जाईन ना तुम्हाला," मी म्हटलं. "रोज सकाळ-संध्याकाळ, गाडीतून. दोन मिनिटांचं तर काम."

"तुझे कॉल असतात."

"कॉल कॅन्सल करीन."

आईंनी बोटाने वाटीची कड पुसून घेतली. "तेच तर. तू सगळं करतेस गं. तुझ्याकडे चहा हातात येतो, गोळ्या हातात येतात, मोजेसुद्धा तू पायात चढवतेस. मला काही करावंच लागत नाही. थंडी संपेपर्यंत मी नुसती बसलेली असते, पाहुणी आल्यासारखी."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं. मग त्या उठल्या, आपली वाटी घेतली आणि सिंककडे निघाल्या. आणि मी झटकन पुढे होऊन ती वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"बघ," आई म्हणाल्या.

मी वाटी हातात धरून उभी राहिले. परत द्यावी तर ते हास्यास्पद, घासावी तर त्याहून वाईट. शेवटी ओट्यावर ठेवली. पाच वाजायला आले तशा आई घड्याळ बघू लागल्या, आणि दीर त्यांना गाडीतून घेऊन गेले. मी वरच्या खोलीत जाऊन हीटिंग पॅडचं बटण बंद केलं. गादी गरम व्हावी म्हणून सकाळपासून चालू ठेवला होता.

रडले. अर्थातच रडले. नवरा म्हणाला, "अगं, रस्ता ओलांडला की आई आहे, काय झालं एवढं?" त्याला काय कळणार. त्याला कधी कुणाचा हेवा वाटलेला नाही, त्यामुळे कुणी किती हवं असतं हेही त्याला कधी मोजावं लागलेलं नाही. मला आधी धाकटीचा राग आला, मग बीव्हरचा, मग पाइपचा. पाइप मीच घातला होता. रोजच्या कामासाठी हातही मीच वर केला होता. आणि आता तो ठराव फिरवायला मीच बोर्डापुढे जाऊन काय सांगणार, की सासूबाई परत हव्यात?

आता रोज सकाळी मला आईंचा व्हॉइस मेसेज येतो. बोर्डाचा नियम आहे, अहवाल माझ्याकडे. "पाणी पट्ट्याच्या खाली आहे. जाळीत पानं होती, काढून घेतली. धाकट्या बीव्हरने काल एक अख्खी फांदी एकट्याने नेली." मी चहाचा कप घेऊन ऐकते. संपत आला की मागून हमखास धाकटीचा आवाज येतो, धावपळीतला, "आईऽऽ, माझी चावी कुठेय?" आणि आई मेसेज तसाच चालू ठेवून जोरात ओरडतात, "मायक्रोवेव्हवर! रोज सांगायचं का?" त्या ओरडण्यात एवढा तोरा असतो, एवढं समाधान असतं, की तेवढा भाग मी पुन्हा लावून ऐकते.

आमच्या घरात चाव्या दाराशेजारच्या हुकावर असतात. आजवर एकदाही हरवलेल्या नाहीत.